टर्बो मोटारी: बिघाड शोधावा कुठे आणि ताकद वाढवावी कुठवर?

तामिळनाडूतील सेतियातोप ते चोळपुरम हा सुमारे ५० किलोमीटरचा चौपदरी महामार्ग जुलै २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. विक्रवांडी–तंजावर मार्गाचा हा टप्पा कुंभकोणमच्या उंबरठ्यापर्यंत येतो. कावेरीच्या खोऱ्यातील गावागावांतून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर मोटारीला सतत थांबावे लागे. नव्या रस्त्यावर मात्र एक लिटरचे छोटे टर्बो इंजिनही बराच वेळ पूर्ण भाराने धावू शकते. टर्बो इंजिनाची खरी परीक्षा अशा सलग भारातच होते, विशेषतः उन्हाळ्यात.

कुंभकोणमला टर्बो नवीन नाही. तामिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या एका विभागीय कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे आणि तिच्या ताफ्यात अशोक लेलँडच्या बसगाड्यांचा भरणा आहे. अशोक लेलँडने १९८०च्या दशकात जपानच्या हिनो कंपनीकडून इंजिनाचे तंत्रज्ञान घेतले. त्या घराण्यातील टर्बो डिझेल इंजिने पुढे देशभरातील बस आणि ट्रकमध्ये बसली. महाराष्ट्रातील एसटीच्या प्रवाशांनाही चढावर ऐकू येणारी ती बारीक शीळ ओळखीची असेल.

ही शीळ टर्बोचार्जरची असते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. पेट्रोल मोटारीत हा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि धुराचे तापमान ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. इतक्या वेगात दांड्याला आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा.

हवा दाबली की ती तापते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून इंजिनात सोडली जाते. बाहेरचे तापमान २० अंशांऐवजी ४० अंश असेल, तर हवा मुळातच सुमारे सहा टक्के विरळ असते आणि इंटरकूलरही तिला पुरेशी थंड करू शकत नाही. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले गरम मिश्रण आपोआप पेटू लागले की पिस्टनवर घाव बसतात. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद कमी होते. मे महिन्याच्या दुपारी मोटार ‘सुस्त’ वाटली, तर पुष्कळदा इंजिन स्वतःला वाचवत असते. त्यात बिघाड काहीच नसतो.

दोष टर्बोत की भोवताली?

टर्बो महाग असल्याने संशय प्रथम त्याच्यावर जातो आणि बहुतेक वेळा तो निराधार ठरतो. जोर दिल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येऊन ताकद कमी पडत असेल, तर टर्बो आणि इंजिन यांच्यामधील रबरी नळी फाटलेली किंवा तिची पट्टी सैल झालेली असू शकते. नळ्यांत कमी दाबाची हवा किंवा धूर सोडला की गळती दिसून येते. हे काम तासाभराचे आहे. हवेचे प्रमाण मोजणारा सेन्सर मळला किंवा धूर वळवणारा ‘वेस्टगेट’ अडकला, तरीही लक्षण जवळजवळ हेच असते.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. इंजिन तापल्यावरही टिकणारा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळत असल्याची शंका. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. निळ्या धुरात घाईने टर्बो बदलला जातो. वास्तविक टर्बोतून तेल परत नेणारी नळी तुंबली किंवा इंजिनाच्या पोटातील वाफ बाहेर जाण्याचा मार्ग बंद झाला, तरी धडधाकट टर्बोही तेल ओकतो. मूळ कारण तसेच ठेवून बसवलेला नवा टर्बो थोड्याच दिवसांत तीच तक्रार घेऊन परत येतो. तेल आणणारी नळी आतून जळक्या कार्बनने भरलेली असेल, तर तो कोरडा पडून मोडतोही.

टर्बो खरोखर गेला आहे का, हे चक्र हाताने हलवून पाहता येते. दांड्याला आडवी, किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. मागे-पुढे जाणवणारी ढिलाई किंवा चक्राची पाती भिंतीला घासल्याच्या खुणा मात्र गंभीर समजाव्यात. कुंभकोणमच्या ‘डिग्री कॉफी’चे नाव दुधाची शुद्धता मोजण्याच्या अंशांवरून पडले, असे सांगितले जाते. टर्बोच्या दुरुस्तीतही अंदाजापेक्षा असे मापच कामी येते, आणि ते घेण्याआधी सुटे भाग मागवणाऱ्या गॅरेजपासून दूर राहणे बरे.

कारखान्याने राखलेला वाव

ताकद वाढवण्याच्या हौसेला जपानी मोटारींनी जगभर खतपाणी घातले. जपानी कंपन्यांनी १९८९ ते २००४ या काळात आपसातील समजुतीने जाहीर ताकद २८० पीएसपुरती मर्यादित ठेवली होती. निसान स्कायलाइन जीटी-आर किंवा टोयोटा सुप्रा यांची इंजिने त्याहून बरेच पेलू शकत, त्यामुळे हौशी मंडळी टर्बोचा दाब वाढवत. पण प्रत्येक भाग तितका दणकट नव्हता. जीटी-आरच्या मूळ टर्बोतील सिरॅमिकची चक्रे वाढीव दाबाखाली तुटत, हा अनुभव पुष्कळांनी घेतला. शिवाय त्या मोटारी जपानमधील उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेल्या होत्या.

त्या पिढीच्या मोटारी भारतात क्वचितच दिसतात, कारण तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सहसा आयात करता येत नाही. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन २०१० मध्ये येथे अधिकृतपणे आली, पण ती मोजक्यांच्याच आवाक्यातली होती. सामान्य ग्राहकाच्या वाट्याला आलेली जपानी टर्बो म्हणजे २०१७ ते २०२० दरम्यान विकली गेलेली मारुती सुझुकी बलेनो आरएस, २०२३ मधील फ्राँक्स किंवा चेन्नईजवळच्या ओरगडम येथे तयार होणारी निसान मॅग्नाइट.

बलेनो आरएसचे इंजिन येथे १०२ पीएसचे होते, तर युरोपात सुझुकीचे तेच इंजिन सुमारे ११० पीएस देत असे. ‘कंपनीने ताकद दाबून ठेवली आहे’, असे सांगून संगणकातील आज्ञावली बदलून देणारे नेमके अशाच फरकाकडे बोट दाखवतात. मॅग्नाइटचे उदाहरण मात्र विचारात टाकणारे आहे. तिच्या टर्बो इंजिनाचा पीळ हाताने बदलायच्या गिअरसह १६० न्यूटन-मीटर आहे, तर सीव्हीटी या स्वयंचलित गिअरबॉक्ससह १५२. इंजिन एकच, पण जोडीदार बदलताच आकडा खाली आला. कारखान्याने राखलेला वाव असा असतो. उष्णता, हलके पेट्रोल, तुंबलेला फिल्टर आणि गिअरबॉक्सचे आयुष्य यांचा हिशेब त्यातच केलेला असतो. दाब वाढवला की हाच वाव खर्ची पडतो, आणि उष्ण प्रदेशात तो आधीच थोडा खर्च झालेला असतो.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने या गणितात भर घातली आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते, पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून इंधन अधिक सोडावे लागते. मूळ संगणक काही मर्यादेपर्यंत हे सांभाळून घेतो. सेन्सरला खोटा आकडा दाखवून दाब वाढवणारी स्वस्त पेटी बसवली, तर मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कंपनीची हमी आणि विम्याचा दावाही अशा बदलामुळे अडचणीत येऊ शकतो.

ज्यांना वेगाची हौस भागवायची आहे, त्यांच्यासाठी तामिळनाडूत चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै आणि कोइमतूर येथे शर्यतीच्या धावपट्ट्या आहेत. रोजच्या मोटारीला लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: ठरलेल्या प्रतीचे तेल वेळेवर बदलणे, इंटरकूलरच्या जाळीतील किडे आणि चिखल काढणे, आणि लांबच्या दौडीनंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर सावकाश चालू ठेवणे. टर्बो बस चालवणाऱ्या चालकांना हे शेवटचे पथ्य फार पूर्वीपासून शिकवले जाते.