निरोपाचे ऋण

परदेशी शिकावयास निघालेला धामापूरचा तरुण तळ्याकाठी मित्रांचा निरोप घेतो, तेव्हा बँकेच्या कर्जाचा हिशेब त्याच्यापाशी चोख असतो. मित्रांच्या ऋणाची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. डॉ. आंबेडकर १९२० साली अर्थशास्त्राचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाविषयीच्या प्रबंधामागे ही मैत्रीही उभी आहे.

आज कर्ज बँक देते. पण गावी राहिलेल्या आईवडिलांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेतात ते मागे राहिलेले मित्रच. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती वचनचिठ्ठीच होय. तिची मुदत ठरलेली नसते, एवढ्यावरून ती बुडवावयाची नसते.