पित्त की हृदयविकार?

सूर्यास्तापूर्वी भोजन ही आपल्या घरांतील जुनी शिस्त. परंतु दिवाळीचा हंगाम आला की दुकान आवरताना रात्र होते. घाईने जेवण आणि लगेच अंथरूण. मग छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. ‘पित्त झाले’ म्हणून सोडा घेतला जातो.

चाटी गल्लीतील माझ्या एका ज्येष्ठ व्यापारी स्नेह्यांनी असेच केले. सकाळपासून छाती भरल्यासारखी वाटत होती, जिना चढताना त्रास वाढत होता. ढेकर आली की बरे वाटे, म्हणून ते गादीवरून उठले नाहीत. संध्याकाळी दरदरून घाम फुटला, तेव्हा मुलाने रुग्णालयात नेले. तो हृदयविकाराचा झटका होता. ते वाचले, पण हृदयाचा निकामी झालेला भाग पूर्ववत झाला नाही.

पुढील वर्षी मलाही मध्यरात्री तशीच वेदना झाली. ईसीजी आणि रक्ततपासणी निर्दोष निघाली; दुखणे आम्लपित्ताचे होते. उगाच सर्वांना जागवले म्हणून मी ओशाळलो. डॉक्टर म्हणाले, “आलात हेच योग्य केलेत.”

हा घोटाळा होतो कसा? अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते. दोहोंच्या वेदना वाहणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोहोचतात. त्यामुळे वेदना नेमकी कोणाच्या खात्यातील, हे मेंदूलाही उमगत नाही. सोड्याने किंवा ढेकरेने बरे वाटले, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही.

जेवणानंतर वाकल्यास वा आडवे झाल्यास वाढणारी जळजळ बहुधा पित्ताची असते. श्रमाने वाढणारा, विश्रांतीने ओसरणारा, हात, जबडा वा पाठीकडे सरकणारा दाब हृदयाकडे बोट दाखवतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात मात्र केवळ मळमळ, धाप किंवा थकवा एवढीच लक्षणे असू शकतात. पहिला ईसीजीही कधी निर्दोष येतो. म्हणून ट्रोपोनिन ही रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात.

आम्लपित्त असले म्हणजे हृदयविकार होणारच, असे नाही. तथापि लठ्ठपणा आणि तंबाखू दोन्ही विकारांना खतपाणी घालतात. हृदयाची काही औषधे जठराच्या तोंडाची झडप सैल करतात, तर अ‍ॅस्पिरिनने जठराला इजा होऊ शकते. उलट, ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा प्रभाव घटतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये दिला. म्हणून पित्ताची गोळी परस्पर न घेता सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. चालू औषध मनाने बंदही करू नये.

जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवण्यास डॉक्टर सांगतात. आपली जुनी शिस्त ते सहज साधते. मात्र छातीत दाब, घाम, धाप जाणवल्यास स्वतः गाडी चालवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुकान तासाभराने उघडले तरी चालते. बंद पडणाऱ्या रक्तवाहिनीला तेवढी सवड नसते.