करवतीचे दाते आणि इंकस्केपची जाळी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण कापडाची वाटणी काही झाली नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे जपावेत ते भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातल्या ढीवरांनी आणि त्या धाग्याची साडी विणावी ती मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्ट्यांनी. टसरचे अंग, सुती काठ, तीन धोटे एकमेकांत अडकवून केलेला जोड आणि त्या जोडावर करवतीसारखे दाते. या करवतकाठीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

हा दाता विणकराचा आहे, सुईचा नाही. तरीही भरतकामाचे नमुने संगणकावर काढण्यासाठी साधन निवडायचे असेल, तर परीक्षेला मी हाच दाता देईन. एकच आकार, न चुकता शेकडो वेळा आणि काठाच्या टोकाला अर्धवट न तुटता काढायचा, हे ज्या साधनाला जमेल ते आपल्या कामाचे. साधनाची किंमत आणि नाव नंतर पाहावे. आधी ठरवायचे ते टाक्याचे.

मोजून भरायचे काम असेल, म्हणजे मॅटीवर किंवा आयडा कापडावर दोसुती टाका, तर दाता हा चौकोनांचा जिना असतो. आयडाच्या नेहमीच्या प्रकारात एका इंचाला १४ चौकोन येतात. ४४ इंच पन्ह्याला ६१६ चौकोन झाले. दाता १२ चौकोनांचा धरला, तर ५१ दाते बसून ४ चौकोन उरतात आणि काठ कोपऱ्यावर विद्रूप होतो. ११ चौकोनांचा धरला, तर नेमके ५६ दाते बसतात. हा हिशेब कागदावरही होतो, पण दात्याची उंची बदलली, मध्ये फुली टाकली, रंग फिरवला की पुन्हा सगळे खोडा आणि पुन्हा काढा. एवढ्या कामाला लिबरऑफिस कॅल्कसारखा तक्ता पुरतो. रकाने चौरस करून घ्यायचे आणि रंग भरत जायचे. ज्यांना दोसुतीच करायची आहे त्यांनी दुसरे काही शिकण्याची घाई करू नये.

कर्नाटकी कशिद्यापाशी मात्र तक्ता थिटा पडतो. त्यातली मेंथी फुलीची असल्याने चौकोनात बसते, पण गावंती आणि मुर्गी हे रेषांचे टाके. ते चौकोनाच्या पोटातून नाही, एका छिद्रातून दुसऱ्या छिद्राकडे जातात. तिथे जाळीच्या बिंदूंना आपोआप चिकटणारी रेषा हवी. इंकस्केप इथून कामाला येते.

सोडिपोडी नावाच्या जुन्या प्रकल्पातून २००३ साली फुटून निघालेले हे मुक्त सॉफ्टवेअर. १.० आवृत्ती यायला मे २०२० उजाडला. चित्र ते एसव्हीजी स्वरूपात ठेवते. या स्वरूपाचे मानक २००१ सालचे आणि सर्वांसाठी खुले. रेषा इथे ठिपक्यांनी बनत नाही, तिचे बिंदू आणि वळणे नोंदवली जातात. म्हणून बोटभर दाता हातभर केला तरी त्याची कड फुटत नाही. मोबाइलवरच्या आयबिसपेंटसारख्या ॲपमध्ये सहा इंच रुंद नमुना ३०० डीपीआयने काढला, की १८०० ठिपके मिळतात. तोच दोन फूट करा, कडा धूसर होतात. कल्पना टिपायला मोबाइल उत्तम, पण काठाचे काम त्यावर सोपवू नये.

इंकस्केपमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी सोय म्हणजे क्लोन. एक दाता काढायचा, त्याच्या ५६ प्रती ओळीत मांडायच्या. मग मूळ दात्याचे टोक जरा तासले, की सगळे ५६ दाते त्याच क्षणी तासले जातात. हीच पट्टी ब्लाउजच्या गोल गळ्यावर वळवून बसवताही येते. आणि इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात हे फार महत्त्वाचे.

कोरलड्रॉ वाईट नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांचे ते रोजचे हत्यार आहे आणि एखाद्या बचत गटाला असा जाणकार घरातच मिळाला, तर त्याच्याकडून जरूर शिकावे. नव्याने विकत घेण्याचे मात्र कारण दिसत नाही. इलस्ट्रेटरचे भाडे दरमहा किंवा दरवर्षी भरावे लागते, आणि भरतकामाच्या मिळकतीला तो भार परवडणारा नाही.

यंत्रावर भरायचे असेल तर इंकस्केपला इंक/स्टिच हे पूरक जोडावे. तेही मोफत. इथे चित्र संपून टाके सुरू होतात. साध्या रेषेचा धावता टाका, दोन कडांमधला चमकदार सॅटिन टाका, मोठ्या जागेचा भराव, प्रत्येकाची लांबी आणि दाटी मिलिमीटरमध्ये ठरवता येते. पडद्यावर सुई कशी फिरेल ते आधी बघता येते. फाइल जनोमसाठी जेईएफ, ब्रदरसाठी पीईएस, ताजिमासाठी डीएसटी. डीएसटीमध्ये रंग नोंदलेले नसतात, म्हणून रंगांची यादी वेगळी लिहून ठेवावी.

आणि इथे दाता खरा कस लावतो. यंत्राचा धागा कापडाला आत ओढतो, त्यामुळे पडद्यावर रुंद दिसणारा दाता कापडावर बारीक उतरतो. ती ओढ धरून आकार थोडा वाढवावा लागतो. टोकाशी टाके फार जवळ आले, की गुठळी होते, सुई तुटते. टसर निसरडे, म्हणून खाली स्टॅबिलायझर हवाच. फोटो टाकून बटण दाबले की नमुना तयार, या मोहात पडू नये. त्या आपोआप काढलेल्या रेषेत शेकडो नको असलेले बिंदू येतात आणि यंत्र प्रत्येकापाशी अडखळते. मोर हवा असेल तर मोर हाताने, मोजक्या बिंदूंत काढावा.

हाताने भरणाऱ्यांना शेवटी कागदच लागतो. छापताना प्रिंटर आकार गुपचूप लहान करतो, म्हणून ‘ॲक्चुअल साइज’ निवडावे आणि पानाच्या कडेला पाच सेंटिमीटरची एक रेषा काढून ती पट्टीने मोजून पाहावी. मग तोच कागद सुईने टोचून खाका करा किंवा पिवळा कार्बन वापरा.

पेन टॅब्लेट सगळ्यात शेवटी घ्यावा. दाते, फुल्या, जाळी यांना माऊस पुरतो. वेली आणि पक्षी मोकळ्या हाताने काढणाऱ्यांनाच पेनाचा खरा उपयोग.

एक पथ्य मात्र पाळावे. यंत्राने भरलेल्या काठाला करवतकाठी म्हणून विकू नये. ते नाव विणकरांचे आहे.

आयटीआयमध्ये भरतकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचत गट गावोगावी आहेत. गोंदियातल्या अशा प्रत्येक वर्गात एका तरी संगणकावर इंकस्केप आणि इंक/स्टिच बसवून द्यावे, एवढीच त्यांच्या चालकांना विनंती. दोन्हींच्या परवान्याला एक रुपयाही लागत नाही.