राखीव खासगी रानातली शिकार आणि सापळे

न्यूझीलंडमधल्या अनेक शेतकऱ्यांनी आपल्या मालकीच्या जंगलाचा किंवा दलदलीचा तुकडा कायमचा राखून ठेवला आहे. १९७७ च्या कायद्याने स्थापन झालेला क्वीन एलिझाबेथ द सेकंड नॅशनल ट्रस्ट अशा मालकांशी करार करतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते. मात्र सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा हा करार दप्तरी चढतो आणि जमीन कितीदा विकली तरी उतरत नाही. ही कल्पना रेटणाऱ्यांमध्ये वायकाटोचे शेतकरी गॉर्डन स्टीफन्सन पुढे होते. पहिला करारही १९७९ मध्ये त्यांच्याच शेतावर झाला. आज असे सुमारे ५,००० करार आहेत.

करार झाला म्हणून रान वाचत नाही. या देशात वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. त्यामुळे इथल्या पक्ष्यांना सस्तन शिकाऱ्यांची सवयच नव्हती. किवीसारखे काही तर उडणेही विसरले. मग माणसांच्या जहाजांतून उंदीर आले. १८३७ मध्ये फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पोसम हा प्राणी आणला गेला. तो झाडपाला ओरबाडतो आणि अंडी, पिल्लेही खातो. पुढे हौसेने सोडलेले ससे कुरणे फस्त करू लागले, तेव्हा त्यांच्यावर उतारा म्हणून १८८० च्या दशकात स्टोट नावाचा प्राणी सोडला. हातभरही लांब नसलेल्या या शिकाऱ्याला सशांपेक्षा पक्षी सोपे पडले. बंदोबस्त नसलेल्या रानात किवीच्या शंभर पिल्लांतली जेमतेम पाच मोठी होतात. पिल्लू किलोभर वजनाचे झाले की स्टोटला दाद देत नाही; तोवरचे महिनेच जिवावरचे असतात.

हा बंदोबस्त बंदुकीने होत नाही. लाकडी पेटीत बसवलेला स्प्रिंगचा सापळा, आत अंडे किंवा सशाच्या मांसाचा तुकडा, आणि तोंडाशी किवी शिरणार नाही एवढेच भोक, अशी ही कंटाळवाणी लढाई असते. आमिष वाळते, कुजते; ते बदलत पेट्यांची ओळ वर्षभर फिरावी लागते. उंदीर किती उरले हे पाहायला बोगद्यात शाईची पट्टी आणि कागद ठेवून पावलांचे ठसे मोजतात. शेजाऱ्याने सापळे लावले नाहीत तर रिकामी जागा लवकरच भरते. स्टोटची मादी घरट्यात असतानाच गाभण राहू शकते, म्हणजे एकटी आली तरी पुढचा वंश घेऊनच येते. उंदीर, पोसम आणि स्टोटच्या कुळातले प्राणी २०५० पर्यंत देशातून नाहीसे करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१६ मध्ये जाहीर केले. ते गाठायचे तर खासगी जमीन वगळून चालणारच नाही.

शिकारीची गोष्ट वेगळी. हरणे, रानडुकरे, बकऱ्या हेही बाहेरचेच. ते कोवळी रोपे खातात, माती उकरतात. पण करार झाला म्हणून रान लोकांना खुले होत नाही. मालकाच्या स्पष्ट परवानगीवाचून तिथे वन्यप्राणी मारणे कायद्याने गुन्हा आहे. परवानगी देताना मालक फाटके, गुरे आणि गोळीची दिशा यांच्या अटी घालतो. शेतीच्या कामामुळे निर्माण झालेला धोका त्याने शिकाऱ्याला आधी सांगायचा असतो; दरड किंवा नदीचा धोका ज्याचा त्याने सांभाळायचा.

खरी मेख कुत्र्यांची आहे. डुकराची शिकार बहुधा कुत्र्यांनीच होते, आणि किवीच्या छातीला भक्कम हाड नसल्याने कुत्र्याने नुसते तोंडात धरले तरी तो मरतो. १९८७ मध्ये वायटांगीच्या जंगलात एका मोकाट कुत्र्याने काही आठवड्यांत सुमारे ५०० किवी मारले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून किवी असलेल्या भागात किवीपासून दूर राहण्याचे प्रशिक्षण घेतलेलीच कुत्री आणावीत, अशी अट घातली जाते.

शिकारी आले म्हणजे हरणे आटोक्यात येतील, हा समज भाबडाच म्हणावा लागेल. हौशी शिकाऱ्याची नजर मोठ्या शिंगांच्या नरावर असते. संख्या घटवायची तर माद्या मारायला हव्यात. पुढच्या वर्षीही हरणे हवीत ही त्याची इच्छा, ती नकोत ही जंगलाची गरज. मांसासाठी येणारा शिकारी त्या मानाने उपयोगी, कारण त्याला मादीही चालते.

विषावरून तर उघड वाद आहे. अवघड डोंगरांत सापळे पुरे पडत नाहीत, तिथे हेलिकॉप्टरमधून ‘१०८०’ नावाच्या विषाच्या गोळ्या टाकतात. त्याने पोसम आणि उंदीर मरतात, मेलेले उंदीर खाऊन स्टोटही मरतात. पण काही हरणेही बळी पडतात, आणि मेलेला पोसम खाल्लेले कुत्रे वाचणे कठीण. त्यामुळे त्या भागात काही काळ कुत्री नेण्यास आणि शिकारीस मज्जाव असतो. हरणांना नकोसे वाटणारे द्रव्य गोळ्यांवर लावता येते. त्याने खर्च वाढतो, आणि हरणेही वाचतात. ती वाचावीत की नाही, यावरच शिकारी आणि संवर्धक यांचे एकमत नाही.