उपकरणांची निद्रा आणि जागृति

वर्धा जिल्ह्यांतील रोहण्यासारख्या गांवीं सायंकाळीं वीज गेली, म्हणजे मांडीवरील संगणकाची सारी भिस्त बॅटरीवर राहते. ती किती वेळ पुरेल, हें केवळ तिच्या आकारावर अवलंबून नसतें. आंतील कोणतें उपकरण जागें आहे आणि कोणतें निजलें आहे, यावरहि तें ठरतें. हा कारभार कार्यप्रणालीच्या ‘कर्नल’ नामक गाभ्याकडे असतो.

१९९६ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत उपकरणाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. ‘डी-०’ म्हणजे पूर्ण जागृति, ‘डी-३’ म्हणजे गाढ निद्रा. निद्रा जितकी गाढ, तितकी बचत अधिक. परंतु जाग येण्यास विलंबहि अधिक. शिवाय गाढ निद्रेंत उपकरणाची स्मृति पुसली जाण्याचा संभव असल्यामुळें ती आधीं जपून ठेवावी लागते.

मग निजवावें केव्हां? शेवटीं बाहेर पडणाऱ्यानें दिवा मालवावा, ही घरचीच रीत येथें चालते. २००९ सालापासून लिनक्सच्या गाभ्यांत उपकरणाचा उपयोग कितीजण करीत आहेत, याची मोजणी ठेवण्याची सोय आहे. ती शून्यावर आली, कीं निद्रेची वाट मोकळी. तरीहि यूएसबी उपकरणास निजविण्यापूर्वीं तो सामान्यतः २ सेकंद थांबतो; कारण वारंवार उठविण्यांतहि वीज खर्च होते.

क्रमहि तितकाच महत्त्वाचा. आधीं कॅमेरा निजावा, मग त्यास जोडणारी वाहिनी. उठवितांना याच्या उलट. डिस्कवरील लेखन पुरें होण्यापूर्वींच तिची वीज तोडली, तर विद्यार्थ्याचा निबंधच नाहींसा व्हावयाचा. वीज वांचविणें म्हणजे नुसतें बंद करणें नव्हे. हातचें काम संपलें कीं नाहीं, हें आधीं पाहणें होय.