सातबाऱ्यावरची तेवीस नावं



मार्चमध्ये तीन आठवडे गावी, वेंगुर्ल्याजवळ, जाऊन आलो. 'कोकणचा कॅलिफोर्निया कधी होणार?' हा आपला पॉटलकमधला आवडता विषय. यावेळी काकांबरोबर बागेत फिरलो, म्हणून चार गोष्टी लिहितोय.

तसं पाहिलं तर सिंधुदुर्गाकडे काय नाही? हापूस आहे, काजू आहे, कोकम आहे, मासळी आहे. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषणा झाली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये चिपीला विमानतळही आला. आणि तरी २००१ च्या जनगणनेत ८.६९ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८.५० लाखांवर आली. हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया! कारण उघड आहे, कमावता पुरुष मुंबईत. एकेकाळी मनीऑर्डरवर चूल पेटायची, आता बँकेत पैसे येतात, एवढाच फरक.

काजूचंच घ्या. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची कलमं डोंगरउतारावर लागली. झाडं उत्तम आहेत. पण शेतकरी बी विकतो, आणि भाव ठरवताना परदेशी, विशेषतः आफ्रिकेतून येणारी बी समोर उभी असते. साधारण चार किलो बीमधून एक किलो गर निघतो. भाजणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, खरी कमाई तिथे आहे. बोंडं तर बहुतेक झाडाखालीच कुजतात. शेजारी गोव्यात त्याचीच फेणी होते.

मी काकांना म्हटलं, "मग आपणच छोटं युनिट का टाकत नाही?"

काका हसले. आतून सातबारा आणला. त्यावर तेवीस नावं! त्यातली सहा माणसं वारलेली, वारसनोंद नाही. बाकीची मुंबई, पुणे, दुबई. बँकेने कर्जासाठी सगळ्यांची संमती मागितली होती. काका दोन वर्षं फोन करत होते.

"तुझ्याकडे पण कागद पाठवलेला रे बाबा," ते म्हणाले.

खरंच पाठवला होता. तो ईमेल मी 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिला होता. भांडवल नाही, मजूर नाहीत, माकडं फार, हे प्रश्न आहेतच. पण आमच्या घरापुरता अडथळा मी होतो, हे कबूल करायला हवं.

परत आल्यावर कॉन्सुलेटमधून कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. एक सुट्टी गेली, बस्स. अजून सोळा जणांचं बाकी आहे. युनिट होईल की नाही, देव जाणे. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत.

तुमच्या इनबॉक्समध्येही असा एखादा कागद पडला असेल, तर या वीकेंडला तेवढा बघा.

आपला,
एक वेंगुर्लेकर (एडिसन, न्यू जर्सी)