धरणाची भिंत तळाशी जाड का?

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर लोक भाजलेलं कणीस खात पाणी बघत असतात. पुण्याची तहान भागवणारा हा जलाशय मागे कितीतरी किलोमीटर पसरलेला आहे. एवढ्या पाण्याचा रेटा एक दगडी भिंत कशी पेलते?

खरं तर या पसाऱ्याचा रेट्याशी संबंधच नाही. साठलेल्या पाण्याचा दाब ठरतो तो खोलीवर. उंच पिंपाला वर, मध्ये आणि तळाशी भोकं पाडली, तर तळाची धार सर्वात जोरात सुटते. पिंप रुंद असो की अरुंद. १० मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा भार येतो, २० मीटरवर २० टनांचा. म्हणून भिंत माथ्याशी निमुळती, पायाशी रुंद. ती तग धरते मुख्यतः स्वतःच्या वजनावर.

पाण्याची खोली दुप्पट झाली की तळाचा दाब दुप्पट होतो, शिवाय दाब झेलणारी उंचीही दुप्पट. म्हणजे एकूण रेटा चौपट! १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्याचा लोंढा खडकवासल्यात येऊन पाण्याची पातळी चढली, आणि एकोणिसाव्या शतकातली ती भक्कम भिंतही फुटली. पुण्याच्या जुन्या पेठांनी त्या दिवशीच्या पुरात काय भोगलं, हे प्रत्येक नव्या पुणेकराला माहीत असायला हवं.

पाणी पायाखालीही शिरतं आणि भिंतीला वर उचलू पाहतं. त्याला वाट मिळावी म्हणून मोठ्या धरणांत निचऱ्याची भोकं ठेवतात. थोडं झिरपणं स्वाभाविकच. ते अचानक वाढलं किंवा गढूळ झालं, तर मात्र तातडीने तपासणी करावी लागते.